क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी सामान्य श्रोत्यांना कशी समजावावी?

ओंजळ

नमस्कार मंडळी.

शाळा सुटल्यानंतर विज्ञानाशी संबंध न आलेल्या मोठ्या माणसांसाठी क्लोनिंग आणि जनुकीय अभियांत्रिकी या विषयावर दीड तासाचा कार्यक्रम करायचा आहे. श्रोते चाळीसच्या आसपास असतील. पडदा आणि प्रोजेक्टर आहे, मोठी टेबलं आहेत, फ्रीज आहे. प्रयोगशाळा नाही.

सध्याचा आराखडा असा: पेशी, केंद्रक, डीएनए, जनुक, मग डॉली मेंढी (मोठ्या मेंढीच्या पेशीपासून बनवलेली क्लोन), मग बीटी पिकं (अळी मारणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलेली), मग क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापायचं तंत्र) आणि शेवटी प्रश्नोत्तरं. तो फार लांब होतोय हे कळतंय, पण काय गाळावं ते ठरत नाही.

दोन्ही विषय एकत्र आले की ऐकणाऱ्यांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. मग आधी काय घ्यावं? दुसरं, हाताने करून दाखवता येईल असं काय आहे? स्ट्रॉबेरीतून डीएनए काढायचा प्रयोग माहीत आहे, पण पुष्कळदा नळीत नुसता गढूळ लाल रस राहतो, धागे येतच नाहीत. असं का होतं? तिसरं, डॉलीची हकिकत किती खोलात सांगावी? आणि "जीएम (जनुक बदललेलं) अन्न खाल्लं तर आपली जनुकं बदलतात का?" हा प्रश्न हमखास येणार. नुसतं 'नाही' म्हटलं की समोरच्याचं समाधान होत नाही. त्याला नीट उत्तर कसं द्यावं?

केंद्रबिंदू

आराखडा उलटा करा. पेशीपासून एकेक पायरी चढत गेलात तर पहिली पंचवीस मिनिटं व्याख्यांतच जातील. सुरुवात इन्सुलिनपासून करा. त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि त्या एका उदाहरणात प्रथिन, जनुक, जीवाणू हे शब्द गरज पडेल तेव्हा आपोआप येतात.

इन्सुलिन हे छोटं प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लं, त्यात २१ ची एक साखळी आणि ३० ची दुसरी. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत असत. डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लाने वेगळं, गुरांचं तीन अमिनो आम्लांनी. त्यावर रोग्यांचं काम भागत होतं, पण पुरवठा कत्तलखान्यांवर अवलंबून होता आणि काहींना त्याची ॲलर्जी येत असे. १९७८ मध्ये ई. कोलाय या जीवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यात यश आलं आणि १९८२ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं.

एवढं सांगून पुढे पळू नका. ते कसं केलं हे सांगण्यातच खरी गंमत आहे. पहिली गोष्ट म्हणजे, ते जनुक माणसाच्या शरीरातून कापून आणलेलं नव्हतं. अमिनो आम्लांचा क्रम माहीत होता. डीएनएची तीन अक्षरं म्हणजे एक अमिनो आम्ल, हा संकेतही माहीत होता. मग त्या क्रमाला जुळणारी अक्षरं रसायनांपासून एकेक करून जोडली. ५१ गुणिले ३ म्हणजे १५३ अक्षरं, शिवाय सुरुवातीच्या आणि थांबण्याच्या खुणा. माणसाच्या पेशीत आणि जीवाणूत हा तीन अक्षरांचा संकेत एकच आहे. नसता, तर जनुकीय अभियांत्रिकी शक्यच झाली नसती. श्रोत्यांनी घरी एकच गोष्ट न्यायची असेल तर ती ही.

दुसरी अडचण अशी की एवढं आखूड परकं प्रथिन जीवाणू टिकू देत नाही, त्याचे लगेच तुकडे करतो. म्हणून दोन्ही साखळ्यांची जनुकं वेगवेगळ्या जीवाणूंत, जीवाणूच्याच एका मोठ्या प्रथिनाच्या जनुकाला शेपटासारखी जोडली. सांध्यावर मेथिओनिन हे अमिनो आम्ल ठेवलं. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन प्रथिनाला नेमकं मेथिओनिनपाशी तोडतं, आणि इन्सुलिनमध्ये मेथिओनिन एकही नाही! त्यामुळे मोठं प्रथिन तुटून बाजूला झालं, साखळ्या शाबूत राहिल्या. मग दोन्ही साखळ्या शुद्ध करून एकत्र आणल्या आणि गंधकाच्या बंधांनी जोडल्या. आज इन्सुलिन याच पद्धतीने बनत नाही, दोन्ही साखळ्या असलेलं अखंड पूर्वप्रथिन बनवून ते नंतर कापतात. पण समजावायला जुनी पद्धत जास्त चांगली, कारण प्रत्येक पायरीला 'असं का केलं?' याचं उत्तर आहे.

सरमिसळ टाळण्यासाठी दोन वाक्यं कार्यक्रमभर पडद्याच्या कोपऱ्यात राहू द्या. क्लोनिंग: आहे तोच जनुकसंच पुन्हा. जनुकीय अभियांत्रिकी: जनुकसंचात बदल. डॉलीचं एकही जनुक बदललेलं नव्हतं. उलट बीटी कपाशीत बाहेरचं जनुक आहे, पण ती पेरतात बियाण्यापासून, ती क्लोन नव्हे. आणि दोन्ही वाटा कुठे मिळतात हे दाखवायला पॉली मेंढी आहे. डॉलीच्याच चमूने १९९७ मध्ये मेंढीच्या पेशीत माणसाचं रक्त गोठवणाऱ्या नवव्या घटकाचं जनुक घातलं आणि मग त्या बदललेल्या पेशीपासून क्लोन केला. दुधातून औषध मिळावं हा हेतू होता. डॉलीमागेही मूळ विचार तोच होता, लोकांना मात्र वाटतं की निव्वळ प्रतिकृती काढायची हौस होती.

एक गोंधळ आधीच निस्तरा. प्रयोगशाळेतली माणसं 'जनुक क्लोन केलं' म्हणतात तेव्हा डीएनएच्या एका तुकड्याच्या प्रती जीवाणूत वाढवल्या, एवढाच अर्थ असतो. वर्तमानपत्रातल्या क्लोनिंगशी त्याचा संबंध नाही.

क्रिस्पर मी काढून टाकेन. दीड तासात इन्सुलिन, एक प्रयोग, डॉली आणि प्रश्न एवढंच नीट बसतं.

परीक्षानळी

स्ट्रॉबेरीचं सांगतो. नुसता रस राहण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: अल्कोहोल पातळ असतं, ते कोमट असतं, किंवा साबणाचं द्रावण गरजेपेक्षा जास्त ओतलेलं असतं.

प्रमाण असं घ्या. ९० मिलि पाणी, १० मिलि भांडी घासायचा पातळ साबण, दीड ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा पाव चमचा. हळू ढवळा, फेस होऊ देऊ नका. पिकलेल्या तीन मध्यम स्ट्रॉबेऱ्या देठ काढून बंद होणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढा आणि बाहेरून बोटांनी दोन मिनिटं पूर्ण चुरडा. गाठी राहिल्या तर तिथल्या पेशी फुटलेल्याच नसतात. आदल्या दिवशी गोठवून मग वितळवलेली फळं जास्त चांगली, कारण बर्फाचे स्फटिक पेशी आधीच फोडून ठेवतात. आता द्रावण ३० मिलि घाला, याहून जास्त नको. पुन्हा मिनिटभर हलक्या हाताने कालवा.

गाळायला कॉफीचा कागद किंवा दुहेरी मलमलचं कापड. कागदातून उतरायला पाच ते दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात बोलायचा मजकूर तयार ठेवा. कागद पिळू नका, गर खाली आला की सगळं गढूळ होतं.

गाळलेला रस अरुंद, उभ्या, पारदर्शक नळीत ५ मिलि घ्या. रुंद ग्लासात घेतलात तर थर इतका पातळ पसरतो की धागे दिसत नाहीत. त्यावर फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवलेलं ९५ टक्के इथाइल अल्कोहोल १० मिलि, किंवा ९१ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ५ ते १० मिलि, नळी तिरपी धरून कडेने सोडा. ते रसावर सायीसारखं वेगळं राहिलं पाहिजे. जोरात ओतलंत तर मिसळून जातं. दोन ते पाच मिनिटांत दोन थरांच्या सीमेवरून पांढरट धागे वर चढू लागतात. लाकडी काडी सीमेवर टेकवून एकाच दिशेने फिरवली की ते काडीला गुंडाळले जातात. ढवळलंत की तुकडे होऊन धागे नाहीसे.

अल्कोहोल पातळ का चालत नाही, ते हिशेबाने बघा. इथाइल अल्कोहोलमध्ये डीएनए खाली बसायला मिश्रणात ते साधारण दोन तृतीयांश असावं लागतं. ९५ टक्क्यांचं दुप्पट घातलं तर मिश्रण ६३ टक्क्यांच्या आसपास जातं. ७० टक्क्यांचं दुप्पट घातलं तर ४७ टक्क्यांवरच अडतं. म्हणून ७० टक्के इथाइल अल्कोहोलने निराशा होते. हात स्वच्छ करायचं जेल तर अजिबात नको, त्यात घट्टपणासाठी घातलेले पदार्थच गोळा होऊन दिसतात आणि लोकांना तो डीएनए वाटतो.

साबण, मीठ, अल्कोहोल कशासाठी, हे प्रत्येक पायरीला सांगा. पेशीचं आणि केंद्रकाचं आवरण स्निग्ध असतं, साबण ते मोडतो. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे धागे एकमेकांना दूर लोटतात. मिठातला सोडियम तो भार झाकतो. आणि अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळत नाही.

आता एक आग्रहाची विनंती. 'हा बघा शुद्ध डीएनए' असं म्हणू नका. त्या गोळ्यात आरएनए (डीएनएसारखाच दुसरा रेणू) असतं, प्रथिनं असतात, आणि फळातलं पेक्टिनही असतं, कारण पेक्टिनदेखील अल्कोहोलमध्ये गोळा होतं. फुगेदार जेलीसारखा भाग दिसला तर त्यात पेक्टिन भरपूर आहे असं समजा. तसंच 'दुहेरी पीळ दिसतो' असंही म्हणू नका. पिळाची जाडी दोन नॅनोमीटर आहे, तो साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. डोळ्यांना दिसतो तो असंख्य धाग्यांचा गुंता. शेजारी दुसरी नळी ठेवा, सगळं तसंच, फक्त साबण नाही. तिच्यातही थोडं काही गोळा होईल, पण बरंच कमी. तो फरक दाखवला की प्रयोग म्हणजे काय हेही लोकांना कळतं.

स्ट्रॉबेरीच का? तिच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, आपल्या पेशीत दोन. शिवाय पिकलेलं फळ सहज चुरडतं.

अल्कोहोल पेट घेतं. जवळ ज्योत, मेणबत्ती, शेगडी काहीही नको, खिडक्या उघड्या हव्यात. उरलेली फळं कुणी खाणार नाही याची काळजी घ्या.

बीजांड

डॉलीकडे वळूया. माझ्या मते ही हकिकत आकड्यांसकट सांगावी, कारण सगळ्या गैरसमजांची उत्तरं त्या आकड्यांतच आहेत.

स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळच्या रोझलिन संस्थेत इयान विल्मट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या चमूने सहा वर्षांच्या फिन डॉर्सेट जातीच्या मेंढीच्या स्तनग्रंथीतल्या पेशी घेतल्या. त्या वाढवल्या आणि मग पाच दिवस उपाशी ठेवल्या, म्हणजे पोषक द्रवातल्या सीरमचं (गोठलेल्या रक्तातून सुटणाऱ्या द्रवाचं) प्रमाण १० टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं. त्यामुळे पेशी विभाजन थांबवून शांत अवस्थेत गेल्या. ही कॅम्पबेल यांची कल्पना. दात्या पेशीचं चक्र आणि बीजांडाचं चक्र यांचा मेळ बसला नाही तर गुणसूत्रांची मोडतोड होते.

दुसरीकडे स्कॉटिश ब्लॅकफेस मेंढीची बीजांडं घेतली. बीजांड साधारण एक दशांश मिलिमीटरचं. सूक्ष्मदर्शकाखाली एका काचनळीच्या चोषणाने ते जागी धरायचं आणि दुसऱ्या, अतिशय बारीक काचनळीने त्याची गुणसूत्रं काढून घ्यायची. रिकाम्या झालेल्या बीजांडाच्या कवचाखाली स्तनग्रंथीची पेशी सरकवायची आणि विजेचा सौम्य झटका द्यायचा. त्या झटक्याने दोन्ही पेशींची आवरणं एकमेकांत मिसळतात आणि फलन झालं असं समजून बीजांड कामाला लागतं.

अशी २७७ बीजांडं जुळली. ती सहा दिवस मेंढ्यांच्या बांधलेल्या बीजवाहिनीत वाढवली. त्यांतून २४७ परत मिळाली, त्यांतली २९ रोपण करण्याइतकी वाढलेली होती. ती १३ मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवली. एकच गर्भ टिकला, आणि ५ जुलै १९९६ रोजी डॉली जन्मली. जगाला कळलं फेब्रुवारी १९९७ मध्ये.

हे आकडे बहुतेक ठिकाणी चुकीचे सांगितले जातात. '२७६ मेंढ्या मेल्या, एक जगली' असं ऐकायला मिळतं. तसं नाही. बहुतेक सगळी घट सूक्ष्म भ्रूणाच्या टप्प्यावरच झाली. पण म्हणून अपयश किरकोळ ठरत नाही, हेही त्याच दमात सांगा. इतर क्लोनच्या प्रयोगांत उशिरा होणारे गर्भपात, अवाजवी मोठी पिल्लं, नाळेचे दोष आणि जन्मानंतर लगेच मृत्यू हे वारंवार दिसलं आहे. नामशेष झालेल्या पायरेनियन रानबकरीचं क्लोन पिल्लू २००३ मध्ये जन्मलं आणि फुफ्फुसातल्या दोषामुळे काही मिनिटांतच गेलं.

इतकं अपयश का येतं, इथे वेळ द्या. स्तनग्रंथीच्या पेशीत सगळी जनुकं असतात, पण तिला न लागणारी हजारो जनुकं रासायनिक खुणांनी बंद केलेली असतात. डीएनएवर जागोजागी मिथाइल गट चिकटलेले असतात, आणि डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्यावरही खुणा असतात. बीजांडाला या खुणा पुसून केंद्रक पुन्हा मूळ अवस्थेला न्यावं लागतं, आणि भ्रूणाची स्वतःची जनुकं सुरू व्हायच्या आत. बहुतेक वेळा ते अर्धवट होतं. काही जनुकं सुरू व्हायला हवीत ती बंद राहतात, काही नको तेव्हा चालू राहतात. वाढलेल्या प्राण्याच्या पेशीत सगळी माहिती शाबूत असते आणि ती उलटी फिरवता येते, हा डॉलीने दिलेला मोठा धडा. बेडकांत जॉन गर्डन यांनी १९६२ मध्येच बेडकाच्या पिल्लाच्या (टॅडपोलच्या) आतड्याच्या पेशीचं केंद्रक वापरून तसा पुरावा दिला होता. सस्तन प्राण्यात तो पहिल्यांदा डॉलीने दिला.

हमखास येणारे प्रश्न:

'जन्म देणारी मेंढी तिची आई नव्हे कशावरून?' गर्भ वाढवणाऱ्या मेंढ्या ब्लॅकफेस होत्या, काळ्या तोंडाच्या. डॉलीचं तोंड पांढरं. तिचा फोटो दाखवा, बोलावं लागणार नाही. डीएनए तपासणीही अर्थातच झाली होती.

'शंभर टक्के प्रत का?' नाही. केंद्रकातली जनुकं स्तनग्रंथीच्या पेशीची, पण तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) बीजांडाच्या. त्यांचं स्वतःचं थोडं डीएनए असतं, ३७ जनुकांचं.

'क्लोन लवकर म्हातारे होतात ना?' डॉली १४ फेब्रुवारी २००३ ला गेली. फुफ्फुसात गाठी झाल्या होत्या; मेंढ्यांत हा आजार एका विषाणूमुळे होतो. तिची गुणसूत्रांची टोकं वयाच्या मानाने आखूड होती आणि तिला संधिवात होता, त्यावरून तो समज पसरला. मात्र त्याच पेशींपासून नंतर जन्मलेल्या चार मेंढ्यांची तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. सात ते नऊ वर्षांच्या त्या मेंढ्या वयाच्या मानाने निरोगी होत्या.

'मग गेलेलं माणूस परत आणता येईल?' या प्रश्नामागे पुष्कळदा दुःख असतं, तेव्हा घाईने उत्तर देऊ नका. पहिलं क्लोन मांजर दाखवा. २००१ च्या डिसेंबरात जन्मलेली 'सीसी' ही तिरंगी मांजरीची क्लोन, पण अंगावरचे ठिपके निराळे आणि नारिंगी रंग तर आलाच नाही. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद केलेलं असतं, आणि नारिंगी की काळा हे त्यावरच्या जनुकावर ठरतं. कातडीचा रंगसुद्धा जुळला नाही, तर स्वभाव आणि आठवणी कुठून जुळणार? क्लोन म्हणजे वेगळ्या काळात जन्मलेलं जुळं, आणि जन्माला येतं ते बाळच.

ओंजळ

फार उपयोगी. इन्सुलिनपासून सुरुवात करायची हे ठरलं. प्रमाणंही लिहून घेतली.

इन्सुलिनच्या भागात 'जनुक प्लाझ्मिडमध्ये बसवलं' हे वाक्य येतंच. ते पडद्यावर दाखवण्याऐवजी लोकांच्या हातात काही देता येईल का? आणि जीएम अन्नाचा प्रश्न अजून राहिला आहे.

दुवा

कागद, कात्री आणि चिकटपट्टी एवढ्यावर होतं, पंधरा-वीस मिनिटांत.

प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. पिवळ्या कागदाची ४० सेंटिमीटरची पट्टी घ्या, त्यावर एकाखाली एक अशा दोन ओळी अक्षरांच्या. वर ए तर खाली टी, वर जी तर खाली सी. कुठेतरी वरच्या ओळीत जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम एकदाच येऊ द्या. पट्टीची टोकं चिकटवून कडं करा. 'ॲम्पिसिलिनला (एक प्रतिजैविक) दाद न देणारं जनुक' असा एक भाग रंगवून ठेवा. हिरव्या पट्टीवर इन्सुलिनचं जनुक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तोच सहा अक्षरांचा क्रम.

आता 'इको आर वन' हे विकर (एन्झाइम) म्हणजे कात्री. ते फक्त हा क्रम ओळखतं आणि वरच्या ओळीत जी नंतर कापतं, खालच्या ओळीत उलट्या बाजूने जी नंतर. म्हणजे सरळ काप नाही, पायरीसारखा. दोन्ही टोकांना ए-ए-टी-टी ही चार अक्षरं एकेरी लोंबतात. हिरव्या पट्टीची टोकं तशीच कापली की ती पिवळ्या टोकांना अक्षराला अक्षर जुळतात. चिकटपट्टी म्हणजे लायगेज हे विकर.

चाळीस जण करतील तेव्हा ज्या चुका होतील, त्या मुद्दाम होऊ द्या. कुणी हिरवी पट्टी उलटी बसवेल. ती बसेल, कारण दोन्ही टोकं सारखी आहेत. खऱ्या प्रयोगातही निम्म्या वेळा असं होतं आणि उलटं जनुक वाचलं जात नाही. म्हणून दोन टोकांना दोन वेगळी विकरं वापरतात. कुणाचं पिवळं कडं हिरव्या पट्टीशिवायच मिटेल. तेही प्रयोगशाळेत रोजचं आहे. दोन-तीन हिरव्या पट्ट्यांवर जनुकाच्या मधोमधही तो क्रम छापून ठेवा. कात्री तिथेही चालेल आणि जनुकाचे दोन तुकडे होतील. कापण्याआधी क्रम तपासावा लागतो, हे सांगायची गरजच उरत नाही.

फक्त छापताना खालची ओळ स्वतः तपासून घ्या. एक अक्षर चुकलं की टोकं जुळत नाहीत आणि सगळं टेबल अडून बसतं.

पुढची पायरी सांगूनच भागवावी लागेल. कॅल्शियम क्लोराइडने तयार केलेले जीवाणू आणि प्लाझ्मिड बर्फात अर्धा तास, मग ४२ अंश सेल्सियसला ३० ते ९० सेकंद, लगेच पुन्हा बर्फात. त्यानंतर ३७ अंशाला तासभर पोषक द्रवात, म्हणजे नव्या जनुकाचं प्रथिन तयार व्हायला वेळ मिळतो. मग ॲम्पिसिलिन घातलेल्या आगर-तबकडीवर (जीवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीवर) पसरायचे. अत्यल्प जीवाणूच प्लाझ्मिड आत घेतात. ज्यांनी घेतलं तेच वाढतात, बाकीचे मरतात. प्रतिजैविक कशाला हवं, याचं उत्तर हेच. आगर फार गरम असताना ॲम्पिसिलिन घातलं तर ते निकामी होतं आणि तबकडीभर सगळेच वाढतात, म्हणून आगर ५० अंशांच्या आसपास उतरेपर्यंत थांबतात. तबकडी फार काळ ठेवली तर मोठ्या वसाहतीभोवती बारीक बारीक वसाहती उगवतात. त्यांच्यात प्लाझ्मिड नसतं. शेजाऱ्याने औषध मोडून टाकलेलं असतं, त्यावर त्या जगतात. अशा तबकडीचा फोटो दाखवून 'यातली कोणती घ्यावी?' असं विचारा.

हा भाग सभागृहात जिवंत जीवाणू घेऊन करू नका. निर्जंतुक करायची आणि नंतर सगळं नष्ट करायची सोय लागते, आणि जनुक बदललेल्या जीवाणूंसाठी नियम वेगळे असतात.

पानशिरा

जीएम अन्नाचं उत्तर. तुमचा स्ट्रॉबेरीचा प्रयोग झालेला असेल, त्याच नळीकडे बोट दाखवा. आपण खातो त्या प्रत्येक भाजीत, फळात, धान्यात डीएनए असतं आणि त्या वनस्पतीची हजारो जनुकं असतात. पोटातलं आम्ल आणि स्वादुपिंडातून येणारी विकरं त्याचे तुकडे करतात. जन्मभर वनस्पतींचं डीएनए खाऊनही आपल्या गुणसूत्रांत त्यांची जनुकं बसून कामाला लागत नाहीत. बाहेरून घातलेलं जनुक रसायन म्हणून त्याहून वेगळं नसतं.

पण एवढ्यावर थांबलात तर उत्तर अर्धवट राहील. शंका घेणाऱ्याचा रोख बरोबर असतो, फक्त प्रश्न एक पायरी अलीकडे पडतो. विचारायला हवं ते असं: त्या जनुकामुळे नवीन कोणतं प्रथिन बनतं, आणि ते आपल्याला काय करतं? हे दर पिकाचं स्वतंत्र तपासावं लागतं. बीटीमधलं प्रथिन मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचं. अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो, तिथे ते विरघळतं, कापलं जाऊन सक्रिय होतं, आतड्याच्या पेशींवरच्या विशिष्ट ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं आणि छिद्रं पाडतं. आपलं जठर आम्लधर्मी आणि ते ग्राही आपल्यात नाहीत.

उलट बाजूचं उदाहरणही द्या. सोयाबीनमध्ये मेथिओनिन वाढावं म्हणून ब्राझील नटचं एक जनुक घातलं होतं. तपासणीत कळलं की नेमकं तेच प्रथिन ब्राझील नटच्या ॲलर्जीला कारण आहे. १९९६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते सोयाबीन कधी बाजारात आलं नाही. तपासणी कशासाठी करतात हे यातून एका मिनिटात समजतं, आणि तुम्ही एकाच बाजूने बोलत नाही हेही दिसतं.

बीटीच्या मर्यादा लपवू नका. रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा उपयोग होत नाही. आणि सगळीकडे बीटीच लावलं की विष पचवणाऱ्या अळ्याच तेवढ्या मागे उरतात. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हे प्रत्यक्ष झालं आहे. म्हणून शेताच्या कडेला बिगर-बीटी ओळी लावायला सांगतात, म्हणजे साध्या अळ्यांचे पतंग शिल्लक राहून प्रतिकारक पतंगांशी संकर होत राहतो.

केंद्रबिंदू यांच्याशी एका बाबतीत मतभेद आहे. क्रिस्पर पूर्ण गाळू नका, दहा मिनिटं द्या. लोक तेच नाव ऐकून येतील. २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए, त्याला जुळणारी जागा सापडली आणि तिच्या शेजारी दोन जी असलेली खूण असली की कॅस-९ हे विकर दोन्ही धागे कापतं. पुढची दुरुस्ती पेशी स्वतः करते, घाईत करते आणि अक्षरं गाळते किंवा वाढवते, त्यामुळे जनुक बंद पडतं. जनुक बंद करणं म्हणून सोपं आहे. हवं तेच अक्षर बसवणं अवघड. माणसाच्या जनुकसंचात तीनशे कोटींहून जास्त अक्षरं आहेत, त्यात जवळपास तशीच दुसरी जागा असली तर तिथेही काप पडू शकतो.

नंतर दोन घटना शेजारी शेजारी ठेवा. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचा क्रिस्परचा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मंजूर केला. रोग्याच्याच रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढतात, गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन बंद ठेवणारी कळ त्यांच्यात निकामी करतात, केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि पेशी परत सोडतात. बदल त्या रोग्यापुरता राहतो, मुलांत उतरत नाही. दुसरी घटना २०१८ ची. चीनमध्ये 'हे चियानक्वेई' नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणांतच सीसीआर-५ हे जनुक (एचआयव्ही विषाणू पेशीत शिरायला ज्याचं प्रथिन वापरतो ते) बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या. हा बदल पुढच्या पिढ्यांत जाऊ शकतो, आणि त्या मुलींना त्याची वैद्यकीय गरज नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची शिक्षा झाली. तंत्र तेच, कापायची रीत तीच. कोणत्या पेशीत आणि कुणाच्या संमतीने, यावर सगळं अवलंबून आहे. प्रश्नोत्तरांची सुरुवात इथूनच होऊ द्या.

ओंजळ

मनापासून आभार. मग क्रिस्पर दहा मिनिटं ठेवतो, आणि पेशी-केंद्रकाचा सुरुवातीचा भाग काढून डॉलीच्या बीजांडाबरोबर घेतो. एक शेवटचं: फ्रीज शेजारच्या खोलीत आहे आणि प्रयोग कार्यक्रमाच्या मध्यावर येईल. तोवर अल्कोहोल टेबलावर ठेवलं तर चालेल का?

परीक्षानळी

उघड्यावर ठेवू नका, पाऊण तासात कोमट होईल. घट्ट झाकणाच्या बाटलीतून बर्फाने भरलेल्या डब्यात ठेवा, बर्फात मूठभर मीठ टाका म्हणजे तापमान शून्याच्या खाली राहील. बाटलीचं तोंड बर्फाच्या वर असू द्या, वितळलेलं पाणी आत गेलं तर पुन्हा पातळ होण्याची तीच अडचण. बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहा, टेबलावर कुणीही पाणी समजून उचलेल. आणि एक नळी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीच तयार करून झाकून ठेवा. उशिरापर्यंत धागे वर येऊन गोळा मोठा दिसतो, मागच्या रांगेला दाखवायला ती कामी येईल.